जांभळीखालची जागा आणि माझे वीस गुंठे

मी, मंगळी पदू पादीर, वय सुमारे छत्तीस, जात ठाकूर, धर्म ख्रिस्ती, धंदा शिक्षिका, राहणार बेथानी मेथॉडिस्ट बोर्डिंग शाळेचे आवार, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीच्या दुखण्याने अंग खंगले आहे, डोके जागेवर आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट दोघातिघांनी लिहू नको असेच सांगितले.

कलम १. माझे शिवणयंत्र मुलींच्या बोर्डिंगला द्यावे. ते शिवणाच्या खोलीतच राहावे, ऑफिसात नेऊ नये. १९११ साली मी आले तेव्हा ती एकच खोली दगडी, वर मंगळुरी कौले. बाकी सगळे कारवीचे कूड. आम्ही अठरा मुली जमीन सारवायचो आणि ती ओली असताना बोटाने तिच्यावर अक्षरे काढायचो. शाळा चालवणाऱ्या मिशनच्या मडमसाहेब रागवायच्या, पण पुसा असे कधी म्हणाल्या नाहीत. घाट चढणाऱ्या इंजिनाची शिटी आली की सगळ्यांच्या सुया थांबत. गाडी ठाकुरवाडीला पोचली असेल, आमच्या वाडीवरून दिसत असेल, असे मला वाटे.

कलम २. तांब्याचा हंडा, घोंगडी आणि दोन्ही शेळ्या माझा भाऊ पोशा यास. मी बाप्तिस्मा घेतला म्हणून तो अकरा वर्षे माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस आपल्या मुलीला हाताला धरून आला आणि म्हणाला, "हिला बी शिकीव." मागचे त्याने काढले नाही, मीही काढले नाही. ती आता चौथीत आहे. तिला मधेच काढून लग्न लावल्यास शेळ्या परत घ्याव्यात.

कलम ३. माझी लोकरी शाल उमाबाई सोनवणे यांस. त्या तेव्हा बोर्डिंगच्या मेट्रन होत्या, आता नेरळला मुलाकडे असतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात बरीच वर्षे अढी होती. कारण लिहून ठेवते.

मला शाळेत घालून महिना झाला नव्हता. माझी आई जना कंदांची पाटी घेऊन वाडीवरून उतरली. भेटीचा वार शनिवार, आणि ती आली बुधवारी. उमाबाईंनी तिला फाटकातच अडवले. आई म्हणाली, "वार तुमचा आसंल, पोर माजी हाय." तरी आत सोडले नाही. मी खिडकीतून पाहत होते. शिक्षा होईल म्हणून जागची हलले नाही. त्यानंतर सात वर्षे आई आवाराकडे फिरकली नाही.

१९१८ च्या दिवाळीत तापाची साथ आली. मडमसाहेब पडल्या, उमाबाई पडल्या, स्वयंपाकी पळाला. चाळीस मुले अंथरुणावर आणि उभ्या आम्ही दोघीतिघी. तिसऱ्या सकाळी पाहते तो चूल पेटलेली, आणि आई नाचणीची पेज ढवळते आहे. कोणी बोलावले नव्हते. तिने एकेकाचे डोके मांडीवर घेऊन पेज पाजली. उमाबाईंपाशी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या दिवशी..." आई म्हणाली, "हां. आज वार कोन्ता हाय? ऱ्हाऊ दे. तोंड उघड गं बाय."

मुले उठली. आठव्या दिवशी आई गेली.

तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, म्हणून मिशनच्या दफनभूमीत जागा नाही म्हणाले. साथीच्या भीतीने वाडीही उचलायला येईना. तेव्हा उमाबाई भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "आवारातच खणा. मी सही करते." स्वयंपाकघरामागे जांभळीखाली आईला ठेवले. माझी अढी त्या दिवशीच सुटायला हवी होती. फार उशिरा सुटली, हे त्यांना वाचून दाखवावे.

कलम ४. आता शाळा वाढली आहे, आणि कमिटीने नवे भोजनगृह जांभळीच्या जागी आखले आहे. कमिटी वाईट नाही. जिथे नावाचा दगड नाही, तिथे कोण झोपले आहे हे नव्या माणसांना कसे कळावे? म्हणून कुंपणालगतची, माझ्या पगारातून घेतलेली वीस गुंठे जमीन मी शाळेस देते. भोजनगृह तिथे बांधावे, मुलांना ऐसपैस होईल. अट एकच: जांभळीखालची जागा कधीही खणू नये, फक्त एकदा सोडून.

कलम ५. ती एक वेळ माझ्यासाठी. दफनभूमीत माझा हक्क आहे, तो मी सोडते. मला आईच्या डाव्या बाजूला ठेवावे. पाद्रीसाहेबांनी आपली प्रार्थना म्हणावी, पोशाने वाडीच्या रीतीने तांदूळ ठेवावेत. दोघांनी एकमेकांना अडवू नये.

या सर्वाची अंमलबजावणी हेडमास्तर हरी नागू गायकवाड यांनी करावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मुक्काम कर्जत, तारीख १४ नोव्हेंबर १९३७.

सही: मंगळी पदू पादीर

आमच्या देखत सही केली:
१. पद्मजा गोपाळकृष्ण वैद्य, शिक्षिका, कर्जत
२. गोमा वाघ्या दरवडा, राहणार ठाकुरवाडी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा