खालच्या विहिरीचं पाणी

भावनगर, ९ जानेवारी १९७७

तीर्थरूप आबा,

गावाकडं तोंड करून तुमच्या आणि आईच्या पाया पडतो. मी बरा आहे. इथल्या डाळीत गूळ असतो, पण आता अंगवळणी पडलं. आईचा गुडघा कसा आहे?

आकारामदादा पलटणीत परत जाताना आपल्या खालच्या विहिरीच्या पाण्याची बाटली देऊन गेला. "आबा म्हंत्यात, पाणी लय ग्वाड हाय, तपासायचं कशाला," असंही सांगून गेला.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. पाण्यात कोणते क्षार किती ते कॉम्प्युटरला द्यायचं, मग पाणी आटेल तसं काय आधी खाली बसेल ते तो छापून देतो. रोज समुद्राचं पाणी असतं. परवा आपलं घातलं. आधी चुना बसला. मागं सोडा राहिला आणि तो वाढतच गेला. असलं पाणी उसाला पाजत राहिलं तर चार-पाच वर्षांत रान दगडासारखं घट्ट होतं.

मी गणित पुन्हा पुन्हा घालून बघितलं. तेच येतंय.

एकच शंका आहे. आईनं बाटली धुण्याच्या सोड्यानं घासली होती का? तसं असेल तर माझं सगळं चुकलं. दुसरी बाटली विहिरीच्याच पाण्यानं विसळून भरून पाठवा. तोवर खालच्या रानात उसाची लागण करू नका.

आईला रागावू नका, नुसतं विचारा. हो म्हणाली तर पत्र लिहीत बसू नका, तार करा. तिची चूक निघावी असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय.

तुमचा धाकटा,
लालासाहेब