मारायचा सीन

तेरखेडा
३ फेब्रुवारी २०२५

चि. शिवगंगा हीस महारुद्रदादाचे आशीर्वाद. वि. वि.

इकडं समदे खुशाल. फोनवर बोललं की दीपमाला कान देती, म्हणून कागदावर लिहितोय. आत्यावर पिक्चर निघतोय, हात गेले तरी पायानं लिहून ती लेखिका झाली, म्हणून पोरगी गावभर मिरवतीय. मलाबी अभिमान हाय. पण काल पिक्चरवाला कुलदीप म्हणाला, भावानं दांडक्यानं पाय ठेचल्याचा सीन हाय. अगं, तुझ्या पुस्तकात तर जिन्यावरून पडून बोटं मोडली असं हाय की! पोरीला तेवढंच ठाऊक.

तो सीन काढ. न्हाय काढलास तर कॅमेरा फोडीन, अन् त्या कुलदीपचं टाळकंबी. माझा राग तुला ठाऊक हाय.

वहिनी आठवण काढती. आमच्यावरची माया पातळ करू नको.

महारुद्र

धाराशिव
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादा यांस शिवगंगाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा राग ठाऊक आहे तर! चालताना रोज आठवतो. कुलदीपचं टाळकं फोडण्याआधी त्याला चहा तेवढा पाजा, बिचारा सकाळी उपाशीच निघतो.

फटाक्यांच्या शेडला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. चौघीजणी आत जळाल्या, माझे दोन्ही हात गेले. ते मी पायानं वहीत लिहिलं. मालकानं तुम्हाला कामावरून काढायची धमकी दिली, तसे तुम्ही दारू ठासायचं दांडकं घेऊन घरी आलात. उजव्या पायाची पाचही बोटं एकेक करून ठेचलीत. दुसऱ्या पायानं लिहायला शिकायला मला दोन वर्षं लागली.

पुस्तकात मी तुमच्यासाठी खोटं लिहिलं, तेव्हा दीपमाला पाळण्यात होती. आता सीन राहील. पडद्यावर दिसण्याआधी तुम्हीच तिला सांगा. हात जोडले असते, पण ते राहिले नाहीत.

वहिनींना नमस्कार. राग उतरला की लोभ असू द्या.

शिवगंगा

तेरखेडा
२१ फेब्रुवारी २०२५

चि. शिवगंगा हीस आशीर्वाद.

पोरीला सांगायचा धीर झाला न्हाय. मंगळवारी शूटिंगला गेलो, ते मोडतोड करायलाच. माझं काम करणारा नट रबरी पायावर दांडकं असं हाणत व्हता, जसं धपाटं थापावं. धा बारा वेळा केलं. शेवटी म्हणाला, सख्ख्या बहिणीला असं कुणी मारत नसतंय, सीन खोटा वाटतो, काढून टाकू. कुलदीपनंबी मान हलवली.

मला हवं तेच झालं व्हतं गं! गप घरी यायचं. पण खोटा म्हणला अन् माझं डोस्कं फिरलं. दांडकं हिसकलं, पायावर गुडघा रोवला अन् अंगठ्यापास्नं सुरू केलं. मधी पडलेल्या आईला कोपरानं कसं उडवलं, तेबी करून दाखवलं. रबर फाटून आतला फोम भाईर आला तरी माझा हात थांबंना.

मग वर बघितलं, तर दीपमाला समोर उभी. कवाधरनं उभी व्हती, देव जाणे. तिनं माझ्या हातातलं दांडकं काढून घेतलं, अन् एवढंच इचारलं, की आत्या किती वेळा वरडली. म्या सांगितलं, एकदाबी न्हाय.

ती बॅग भरून तुझ्याकडं निघालीय. तिला घरात घे. माझ्यावर लोभ ठेव, असं कुठल्या तोंडानं लिहू?

महारुद्र