यादीच्या तळाचा हिंदुराव

मंगळवार, संध्याकाळ

जगात एवढा अन्याय असताना माझ्या वाट्याला स्क्रोलबारच यावा! पट्टी तळाला टेकते, तरी गुळाच्या अडतीच्या यादीतला शेवटचा शेतकरी, हिंदुराव, काही दिसत नाही. उद्या सकाळी सौदा. तोवर तो दिसला नाही तर मी लिहून दिलेला प्रोग्रॅम परत येणार, आणि माझं हे शेवटचंच उरलेलं गिऱ्हाईक. चार दिवस डोकं फोडतोय.

अडतीचे दिवाणजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “सायेब, हिंदुराव खाली अडकलाय की!” मी काय म्हणालो? “आधी माउस धरायला शिका.” सगळ्यांसमोर.

आत्ता सापडलं. यादीची चाइल्ड विंडो, म्हणजे मुख्य विंडोच्या आतली चौकट, मीच आतल्या जागेपेक्षा एक ओळ उंच केलेली; तळाची ओळ कापली जायची. मथळ्याची जागा वजा करायची राहिली. एवढंच! हिंदुराव वर आला.

दिवाणजींना फोन लावला. “माउस तुम्ही बरोबर धरत होता. चुकलो मी. उद्या सगळ्यांसमोर सांगतो.”