एक नंबर मोठा

माय, तुझ्या उजव्या गुडघ्याबद्दल लिहायचं आहे. तू जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, म्हणजे मी चांगलाच उशीर केला.

धुळ्याच्या बाजारात तू गोणपाटावर उकिडवी बसली आहेस. समोरच्या बाईचा पंजा गुडघ्यावर घेतेस, अंगठ्यानं दाबून पाहतेस आणि पेटीतून नेमक्या मापाच्या बांगड्या काढतेस. मोजपट्टी कधी नाहीच. अडीचचा हात सव्वादोनचा म्हणून सांगणाऱ्या बाया तुला बरोबर कळायच्या. भरताना एखादी बांगडी तडकून वाढलीच, तर सगळ्यांदेखत म्हणायचीस, "मन्हा नंबर चुकना, अक्का. तुन्हा हात बराबर शे." आणि दुसरी भरायचीस. कासारणीची रीतच ती, त्यात काय मोठं, असं मला तेव्हा वाटायचं.

चाळीस वर्षांच्या त्या बसण्यानं तुझे गुडघे खाल्ले. मी तेव्हा जळगावच्या एका दवाखान्यात हाडांचा नवखा डॉक्टर. मुंबईचे सर अधूनमधून येऊन सांधे बदलायचे. एक्स-रेवर पारदर्शक नकाशा ठेवून माप काढायचं आणि एसटीडी बूथवरून मुंबईला तेवढेच नंबर कळवून सांधे मागवायचे, हे काम माझं. एक्स-रेत हाड असतं त्याहून थोडं मोठं दिसतं. तेवढं वजा करावं लागतं. परक्यांच्या वेळी मी न चुकता करायचो. तुझ्या वेळी, आईचं माप मी काढतोय या फुशारकीत विसरलो.

हाड कापून झालं आणि सरांनी नडगीच्या डोक्यावर धातूची चकती ठेवून पाहिली. आतल्या बाजूनं तिची कड बाहेर आली होती. "एक नंबर मोठी आहे. लहान कुठंय?" मी मागवलीच नव्हती. आता माघार घेता येत नव्हती. सर म्हणाले, "चालेल ती, पण आतून टोचत राहील." तीच बसवली.

टाके निघाल्यावर तू खाटेवर बसून आतली बाजू अंगठ्यानं दाबलीस.

"भाऊ, हाई जराशी मोठी बठनी का रे?"

"सूज आहे माय, उतरेल."

"मंग उतरी जाई," म्हणालीस, आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस.

तू चाललीस, जिने चढलीस, "मन्हा पोऱ्यानी नवा गुडघा बठाडा" म्हणून गल्लीभर सांगितलंस. घरी आलीस की मात्र आतल्या बाजूला अंगठा फिरवत बसायचीस, आणि मी दिसलो की हात काढून घ्यायचीस. ते आठवलं की अजून स्वतःची चीड येते.

आता सगळे नंबर समोर आल्याशिवाय मी सुरी हातात घेत नाही. हाताखालचे डॉक्टर वैतागतात. कारण मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठं पाठवणार? तुझ्या पेटीत ठेवतो, अजून दोन-चार हिरव्या बांगड्या आहेत तिच्यात. सूज नव्हती, माय. मन्हा नंबर चुकना. तुन्हा गुडघा बराबर व्हता.