बर्फ शिल्लक होता का

४ मार्च, मंगळवार

आर्णीच्या अलीकडे गाडी पंक्चर. पंक्चरवाला जेवायला गेलेला. सव्वा तास एका बाभळीच्या अर्धवट सावलीत उभी. तेवढ्यात थर्मासचं झाकण किती वेळा उघडलं देव जाणे. बर्फ आहे ना, बर्फ आहे ना. बघून बघूनच वितळवला असेल मी.

बंजाऱ्यांच्या तांड्यावर पोचले तेव्हा बारा वाजून गेलेले. थर्मासमध्ये कोमट पाणी, त्यात लसीच्या बाटल्या तरंगतायत. परत फिरायला हवं होतं. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस जिवंत असते, गरम झाली की मेली, मग कोंबडीच्या डोळ्यात ती टाकली काय आणि नळाचं पाणी टाकलं काय, सारखंच. हे मी परीक्षेत लिहिलंय. दर महिन्याला प्रशिक्षणात दुसऱ्यांना शिकवते.

पण पस्तीस घरच्या बायकांनी पहाटेपासून कोंबड्या डाल्याखाली कोंडून ठेवलेल्या. मीच सांगितलं होतं तसं. हरभरा काढायला कोणी गेलं नाही. झमकूबाई राठोड दोन दिवस दारोदार फिरली, माझ्या भरवशावर टाकून घ्या म्हणत. नाहीतर या तांड्यात लसवाल्याला पाणी कोण विचारतं. काही वर्षांपूर्वी कोणीतरी लस देऊन गेलं आणि आठवड्यात कमलाबाईच्या सगळ्या कोंबड्या गेल्या, तेव्हापासून दारं बंद. छत्तिसावं घर तिचं. आजही ती आली नाही, समोरच्या ओट्यावर बसून नुसती बघत होती. तिच्या देखत कसं म्हणणार, बायांनो सोडा कोंबड्या, मी उद्या येते.

टाकली. एका डोळ्यात एक थेंब. दोनशेच्या वर कोंबड्या.

संध्याकाळी विद्यापीठाच्या प्रकल्पाचा फॉर्म. त्यात रकाना आहे: बर्फ शिल्लक होता का? 'होय' लिहिलं. सरळ लिहिलं गेलं, त्याचीच आता भीती वाटते.

५ मार्च, बुधवार

प्रकल्पाचे सर खूश. पुढच्या महिन्यात विद्यापीठात सादरीकरण आहे, दहा कोंबड्यांच्या परसापासून आठ हजारांच्या शेडपर्यंत सगळे एका प्रकल्पात. छत्तीसपैकी पस्तीस घरं म्हणजे विनोद नाही, असं तीनदा म्हणाले. मी मान डोलावली. नंदीबैल.

मनाची समजूत काढतेय: सगळीच मेली नसेल लस. थोडी जिवंत असेलच. आणि आसपास रोग आहे कुठे?

८ मार्च, शनिवार

आहे.

आर्णीच्या जनावरांच्या दवाखान्यातून फोन आला. तांड्यापासून तीन गावं सोडून कोंबड्या मरतायत. हिरवी हगवण, मान वाकडी, पाय लुळे. मानमोडीच. फोनवरच्या माणसाला वाटलं मला बरं वाटेल, म्हणाला, मॅडम, तुमच्या तांड्याचं टेन्शन नाही, तुम्ही टाकून आलात ना.

जेवले नाही. आईनं विचारलं काय झालं. अॅसिडिटी म्हटलं.

११ मार्च, मंगळवार

आता दोन गावं सोडून.

सरांना सांगितलं. केबिनचं दार लावून, उभ्यानं. रागावतील वाटलं होतं. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, लगेच दुसरा डोस द्या, बूस्टर म्हणा. खोटं नाही ते, बूस्टर असतोच. लस खराब होती हे सांगून कोणाचं भलं होणार आहे?

विद्यापीठाच्या फ्रीजमध्ये लस संपलेली. मागणी केली आहे, येईल म्हणतात. कधी, ते कोणी म्हणत नाही.

खरं तर सरांनी रागवायला हवं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

तांड्यावरची होळी. झमकूबाईच्या नातवाचं धुंड होतं, पहिल्या होळीला तान्ह्या मुलाचं करतात ते. मला आठ दिवसांपासून आवतण. नाही गेले असते तर तिला लागलं असतं. गेले तर हे बघावं लागलं.

पाहुणे आलेले, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या काखेत कोंबडा. आहेर. सगळे कोंबडे मांडवाच्या खांबाला पायाला दोरी लावून बांधलेले, आणि तांड्यातल्या कोंबड्या त्यांच्यामधून दाणे टिपत फिरतायत. एका पाहुण्याला विचारलं, कुठले तुम्ही. त्यानं त्याच गावाचं नाव सांगितलं. ज्याचं नाव ऐकून मी आठ तारखेपासून जेवत नाही, त्या गावाचं. कोंबडा टवटवीत दिसत होता. सुरुवातीला टवटवीतच दिसतात.

झमकूबाईला बाजूला घेऊन म्हटलं, बाहेरचे कोंबडे वेगळे ठेवा, रोग फिरतोय. ती हसली आणि पाहुण्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "आमच्या कुकड्याइले काई होत नाई. बाईनं औषध टाकलं हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. बाया लेंगीची गाणी म्हणत नाचत होत्या, कोणीतरी माझ्या गालाला रंग लावला, मी हसत होते. घरी येऊन रंग धुतला आणि बाथरूममध्ये खूप रडले. भ्याले आहे मी. एवढी कधीच भ्याले नव्हते, तोंडी परीक्षेला नाही, बाबांच्या ऑपरेशनला नाही.

१५ मार्च, शनिवार

लस मिळाली. नेर रोडवरच्या इंगळेंकडून, आठ हजार ब्रॉयलरवाले. त्यांचा स्वतःचा फ्रीज, जनरेटरवर चालणारा. आमच्याच प्रकल्पात आहेत, पण आज त्यांनी मला गेटच्या आत घेतलं नाही. बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून भिंतीवरून दिल्या आणि म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही गावागावातून फिरून राह्यल्या."

अजिबात वाईट वाटलं नाही. रोग चपलांनीही आत शिरतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

आता दुसरीच भीती. तांड्यात रोग आधीच शिरला असेल तर? लक्षणं दिसायला पाच-सहा दिवस जातात. ज्या कोंबड्यांच्या अंगात तो आज आहे, त्या दुसरा डोस देऊनही मरणार. आणि डोसनंतर मरणार. तांडा म्हणेल लसीनं मारलं, कमलाबाईचं खरं होतं. न द्यावा तर उरलेल्याही जातील. सरांना फोन केला. सर म्हणाले तुम्ही शास्त्रज्ञ आहात, निर्णय घ्या. सरांकडे लस नसते तशी अशा वेळी वाक्यंही नसतात, हेच एक कायम तयार असतं.

१६ मार्च, रविवार

या वेळी एसटीनं गेले. डबा मांडीवर, झाकण एकदाही उघडलं नाही.

बूस्टर म्हणायचं पाठ करून गेले होते. झमकूबाई ज्वारी निवडत होती. म्हटलं, दुसरा डोस द्यायचाय. ती म्हणाली, पयले त एकच म्हनलं होतं. एवढंच. आणि सुपातून वर बघितलं. माझ्यानं झालं नाही. पंक्चर, बाभूळ, कोमट पाणी, फॉर्म, सगळं सांगितलं.

तिनं दोन खडे वेचून बाहेर फेकले.

"तवाच काहून नाई सांगतलं?"

"भेव वाटलं."

"कोनाचं?"

"कमलाबाईचं. तुमचं बी."

"मंग आता माह्या नावाचं काय राह्यलं इथं?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. सूप ठेवलं, उठली, मांडवाच्या जागी जाऊन बायकांना हाका मारल्या आणि गोरबोलीत सगळं सांगितलं. मला मधला पाणी शब्द तेवढा कळला, तो तिनं दोनदा म्हटला. एकदाही माझ्याकडे बोट केलं नाही. मग स्वतःच्या नऊ कोंबड्या आणल्या. पहिल्या तिच्याच.

तिच्यामागे दहा घरं आली. बाकीच्यांनी दारात उभं राहून बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१७ मार्च, सोमवार

ऑफिसात जाऊन फॉर्म मागितला, 'होय' खोडून 'नाही' लिहिलं, खाली सही आणि आजची तारीख. सर म्हणाले, यानं सगळ्या तांड्याची आकडेवारी बाद होते, माहीत आहे ना? माहीत आहे. माझं कंत्राट याच महिन्यात नव्यानं व्हायचंय हे ते बोलले नाहीत, मीही नाही.

फोन जवळ घेऊन बसले आहे.

१८ मार्च, मंगळवार

वाजला नाही.

१९ मार्च, बुधवार

सकाळी वाजला. झमकूबाई. तिच्या दोन कोंबड्या गेल्या, रविवारी डोस दिलेल्या नऊपैकी. बाकी कोणाच्या नाहीत. ज्यांनी दिला नाही त्यांच्या सगळ्या हिंडतायत, कमलाबाईच्याही. आवाज सपाट होता. म्हणाली, दोनी पोत्याखाली झाकून ठेवल्या, उद्या या आणि साऱ्याइसमोर फाडून दाखवा काहून मेल्या. आज येते म्हटलं, तर नाही म्हणाली, आज बाया कामावर हायेत, साऱ्या पायजेत.

कुजायला नकोत, पाण्याचं मडकं थंड असतं, त्याच्या बुडाशी ठेवा एवढं सांगितलं.

दिवसभर हिशेब लावतेय. मानमोडी निघाली नाही तर दुसऱ्या डोसात माझी काहीतरी चूक झाली. निघाली तर पहिला डोस मी पाण्याचा दिला म्हणून मेल्या. दोन्ही उत्तरं माझ्याच दारात. आणि तरी देवाला, म्हणजे ज्याला मी कधी मानत नाही त्याला, विनवतेय की नुसता साप चावलेला निघू दे.

२० मार्च, गुरुवार

तांड्यावरच लिहितेय, झमकूबाईच्या ओट्यावर.

सकाळी सगळ्या जमल्या. पाटावर पोतं अंथरलं. झमकूबाईनं पाय धरले, मी कोंबडी उघडली. हात स्थिर होता, तेवढं एक शिकलेलं कामी आलं. जठराच्या तोंडाशी लाल ठिपके, मोहरी पेरल्यासारखे. दुसरीतही तेच.

म्हटलं, ही मानमोडी. होळीच्या सुमाराला अंगात शिरलेली, रविवारच्या औषधाआधी. रविवारच्या औषधानं नाही मेल्या. पण चार तारखेचं औषध चांगलं असतं तर या वाचल्या असत्या. ते मी खराब टाकलं होतं. मलाच ऐकू येईना इतका हळू आवाज, म्हणून परत एकदा म्हटलं.

समोर कमलाबाई आपल्या ओट्यावरूनच म्हणाली, "मंग माह्या काहून नाई मेल्या?"

मी म्हटलं, अजून नाही.

हे तोंडातून गेल्यावर सगळ्या बायकांनी आपापल्या कोंबड्यांकडे बघितलं. काही जणी उठून गेल्या. चौघी डालं घेऊन परत आल्या, टाका म्हणाल्या. आणलेली लस होती तेवढी त्यांना टाकली. कमलाबाई आली नाही. कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या, कोंबड्यांच्या वाटेपासून लांब.

मी हात धुवून पिशवी उचलली. झमकूबाईनं विचारलं, किती दिस भेव हाय. म्हटलं, आठ, कदाचित दहा.

"मंग दहा दिस तू इथंच ऱ्हाय," ती म्हणाली. आजवर अहोजाहो करायची. "सांगून निंघून नको जाऊ. मेल्या त तुह्या डोयासमोर मरू दे."

नाही म्हणायला कारणं होती, एकही सांगावंसं वाटलं नाही. शिवाय या चपलांनी दुसऱ्या गावात जाणंही आता बरं नाही. आईला फोन केला. सरांना मेसेज केला, उत्तर नाही. झमकूबाईनं जुनं लुगडं आणि एक गोधडी काढून ठेवली आणि स्वयंपाकाला लागली. माझ्याशी बोलत नाही, पण चहा दिला.

ऊन कलतंय. कोंबड्या घराकडे वळतायत, मी एकेकीची मान बघतेय. समोर कमलाबाईच्या अंगणात एक तांबडी बाकीच्यांपासून वेगळी उभी आहे. पंख फुगवलेले, डोळे मिटलेले. मघापासून हलली नाही. ऊन खात असेल. खातात तशा.

कमलाबाईही तिच्याकडेच बघत होती. आता माझ्याकडे बघतेय.

मी उठते, तिच्या अंगणात जाते.