नातीला काहीही न देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, सोफा-खुर्च्यांना गादी आणि कापड चढवणारा कारागीर, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डोकं जागेवर आहे, गुडघे तेवढे नाहीत. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गळ घातलेली नाही. या घरात माझ्याशी तेवढं बोलतंच कोण? हे मी माझ्या हाताने मराठीत लिहीत आहे. इथले वकील म्हणाले, चालेल, मालमत्तेपुरतं भाषांतर करून घेऊ, बाकीचं कोर्टाला लागत नाही. मुलाला मराठी बोललेली समजते, वाचता येत नाही. म्हणजे बाकीचं कोणीच वाचणार नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

१. राहती जागा मुलाला. ती घेताना त्याच्या आईने आणि मी पोटाला चिमटे काढले. त्याआधी मी या देशात एकटाच होतो आणि कारखान्यातच अर्धवट सोफ्यांवर झोपायचो. मालक कानाडोळा करायचा आणि त्या बदल्यात पगार कमी द्यायचा. त्याच्यावरचा राग मी इथे सोडून देतो. बायको बिचारी या जागेत फार जगली नाही. भिंतींना तिने निवडलेला रंग आहे, तो मुलाने बदलला तरी माझी हरकत नाही.

२. बँकेत जे असेल ते सुनेला. तिने मला कधी जेवणासाठी ताटकळत ठेवलं नाही.

३. हातोडी, मोठी कातर आणि वाकड्या सुया कारखान्यात माझ्या जागी आलेल्या माणसाला. बारीक खिळ्यांचा डबा मात्र फेकून द्यावा. आमच्या धंद्यात खिळे तोंडात धरतात आणि जिभेने एकेक पुढे आणून ठोकतात. दिवसभर तोंड भरलेलं, त्यामुळे इथली भाषा मला धड आलीच नाही.

नात अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा आणि तीही शुद्ध. त्या संध्याकाळी मुलगा माझ्यासमोर मान खाली घालून बसला. "बाबा, थोडे दिवस तिच्याशी बोलू नका. मराठी नको आणि तुमची मोडकीतोडकी इथली भाषाही नको. तिच्या भल्यासाठीच सांगतोय."

मी बरं म्हटलं. तिच्या भल्यासाठी मी काय केलं नसतं? मुलगा-सून दिवसभर कामावर, पोर माझ्यापाशी. तिला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत नेलं-आणलं, आणि तोंडातून ब्र काढला नाही. घरात एखादी खुर्ची दुरुस्तीला असायचीच. पोर समोर खेळायला लागली की ओठांवर शब्द यायचे, म्हणून मी काम नसतानाही खिळे तोंडात धरून बसायचो. ती काही दाखवायची, मी 'हूं' करायचो. पुढे ती बोलायला लागली, आणि काय बोलायची! शाळेपासून घरापर्यंत तिची टकळी चालू. बंदी उठवायचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही विषय काढला नाही. वाटायचं, माझ्यामुळे पोर पुन्हा अडखळली तर?

एकदा तिची मैत्रीण घरी आली होती. तुझे आजोबा बोलत का नाहीत, असं तिने विचारलं. नात अगदी साधेपणाने म्हणाली, "त्यांना बोलायला नाही आवडत. मी पण नाही आवडत फारशी."

तेवढी भाषा मला येत होती. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो. त्यानंतर बोलायला हवं होतं, पण इतक्या वर्षांचं गप्प बसणं एका वाक्यात कसं सांगायचं ते कळेना. आता ती कॉलेजात जाते, येता-जाता हात हलवते.

४. नातीला मी काहीही देत नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याची साक्षीदार म्हणून सही चालत नाही. मला तिची सही हवी आहे. सहीसाठी तिला या टेबलाशी माझ्या शेजारी बसावं लागेल.

५. बोलणं शिकवणाऱ्या बाईंवरचा राग मी सोडत नाही. तो माझ्याबरोबर जाईल.

६. मी गेल्यावर कोणी माझ्यावर भाषण करू नये. मी मितभाषी होतो असं तर मुळीच म्हणू नये. मी गावात एक नंबरचा बडबड्या होतो. तिथे विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं, पण आता तिथेही विचारायला कोणी उरलेलं नाही.

सही: कारागीर, स्वतः
साक्षीदार: तळमजल्यावरचा लॉन्ड्रीवाला
साक्षीदार: नात
स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: आजचीच, रविवार

सह्यांच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत म्हणे. नका धरू. नात वेळेवर आली, शेजारी बसली. तिने पेन उचललं तेव्हा मी तिला मराठीत म्हणालो, "बाळा, माझा तुझ्यावर फार जीव आहे गं."

तिने चमकून माझ्याकडे पाहिलं, मग बापाला तिच्या भाषेत विचारलं, काय म्हणाले? मुलाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "काही नाही. सही नीट कर म्हणतायत."

तिने सही अगदी नीट केली आहे.