दोनशे दहा झाडांचे पाणी

मी, दैवशाला राधेश्याम मिसाळ, वय सत्तर, धंदा शेती, राहणार मळेवस्ती, कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. कायद्याचे शब्द वकिलांनी सांगितले, बाकीचे माझे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करण्याइतका दम उरलेला नाही.

१. माझ्या मालकीची चार एकर जमीन माझे वडील रखमाजी यांनी हयातीत माझ्या नावे केली. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून माझे यजमान लग्नानंतर आमच्याच घरी राहायला आले. गावाने त्यांना शेवटपर्यंत "रखमाजीचा जावई" म्हटले. राधेश्याम हे नाव फक्त मतदार यादीत राहिले. ही जमीन, विहीर व तिच्या भोवतीचे दोन गुंठे वगळून, मुलगा देवानंद यास देते. तो जालन्यात मस्तगडला राहतो, नोकरी करतो. बटईने, अर्ध्या वाट्यावर, लावली तरी चालेल. पड ठेवू नये.

२. वस्तीवरचे तीन खोल्यांचे घर सून अरुंधती हिला देते. ती इथे राहणार नाही हे मला माहीत आहे. तरी बाईच्या नावावर एक दार असावे.

३. पत्र्याच्या सात कोठ्यांत ज्वारी, बाजरी, तूर, मूग आणि करडईचे घरचे बियाणे आहे. ते वस्तीतल्या सगुणाबाईची सून बेबीनंदा हिने सांभाळावे. वस्तीतल्या बाया पेरणीला पायलीभर नेतात आणि सुगीला दीड पायली आणून घालतात, तो रिवाज मोडू नये. किडीसाठी घातलेली राख आणि कडुलिंबाचा पाला दरवर्षी बदलावा. पाऊस हुकला तर दुबार पेरणीला हेच हाताशी असते. ज्याने नेले आणि पिकलेच नाही, त्याच्या दारात मागायला जाऊ नये.

४. विहीर आणि दोन गुंठे ग्रामपंचायतीस पिण्याच्या पाण्यासाठी देते. वस्तीतली तेवीस घरे आधी. पिण्याचे भागून उरलेले पाणी देवानंदच्या ज्वारी-हरभऱ्याला द्यावे. ऊस किंवा फळबाग या पाण्यावर कधी करू नये. ही अट का घातली, ते लिहिणे भाग आहे.

यजमानांनी २००३ साली मोसंबीची दोनशे दहा झाडे लावली. जमीन माझी, घर माझे, विहीर माझ्या बापाची. बाग तेवढी त्यांची. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला बागेत नेत. २०१३ च्या उन्हाळ्यात विहिरीला रोज तासाभराचेच पाणी राहिले. यजमान हर्नियाच्या ऑपरेशनसाठी जालन्याला दवाखान्यात होते. त्याच दिवसांत वस्तीवर नऊ दिवस टँकर आला नाही. दहाव्या सकाळी सगुणाबाई रिकामा हंडा घेऊन बांधावर बसली. काही मागितले नाही. फक्त म्हणाली, "नातवाला जुलाब लागलेत, बाई. घरात तांब्याभर बी न्हाई."

मी बागेचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पाणी वस्तीला सोडले. पाऊस पडेपर्यंत ते बागेकडे वळवले नाही. देवानंद बापाजवळ होता, त्याच्याकडे फोन होता. मी केला नाही. ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती.

महिन्याने ते आले. पाने गळून काड्या झाल्या होत्या. ते पोटावर हात धरून ओळीओळीने फिरले. मग ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मला इचारलं असतं, तर मीच बंद केली असती मोटर."

एवढेच. त्यानंतर सहा वर्षे जगले. माझ्याशी बोलत, जेवत, पण झाड एकही लावले नाही. पाणी दिल्याबद्दल तालुक्याला माझा सत्कार झाला, तेव्हा शाल मी घरी आणली नाही. पाणी दिल्याचा मला पस्तावा नाही. गावाला पाणी देण्याचा मान त्यांचा होता, तो मी न विचारता घेतला. त्याचा पस्तावा आहे.

५. शेजारी सर्जेराव ग्रामसभेत म्हणाला होता, "नवऱ्याची बाग मारणारी बाई आपल्याला पाणी शिकवून राह्यली." पुढे त्याने आठशे फूट बोअर पाडला, नुसता फुफाटा निघाला. त्याला या विहिरीचे पाणी नाकारू नये. माझ्या तेराव्याला मात्र बोलावू नये.

६. विहिरीवर माझ्या नावाचा दगड बसवायचे वस्तीत चालले आहे. बसवू नये. बसवायचाच तर एवढेच कोरावे: "राधेश्याम मिसाळ यांच्या दोनशे दहा झाडांचे पाणी गावाने प्यायले." हे खरे आहे.

७. विहीर दिल्याने देवानंदची जमीन कोरडवाहूसारखी होते, तिची किंमत पडते. म्हणून या कागदाला हात लावण्याआधी मी त्याला फोन करून विचारले.  तो म्हणाला, "आई, मला दोन दिवस दे." मी दिले. ते दोन दिवस मला जेवण गेले नाही. तो नाही म्हणाला असता तर काय केले असते, हे मला आजही सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी तो एसटीने आला, विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "मला हे बिलकुल पटलेलं न्हाई. पर तू इचारलंस. मंग लिही."

त्याला पटले नाही, ही नोंदही या कागदात राहावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत सही व अंगठा केला.

सही: दैवशाला राधेश्याम मिसाळ

साक्षीदार:
१. अप्पाराव गणपत ढेरे, निवृत्त शिक्षक (सही)
२. सगुणाबाई किसन वाघ (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: मळेवस्ती, कुंभार पिंपळगाव
दिनांक: १२ एप्रिल २०२५